मंदी येते तेव्हा खेळण्यातल्या गाडीचं काय होतं?

महिन्याच्या जमाखर्चाची तोंडमिळवणी होईनाशी झाली, की आपण गृहिणी पहिली कात्री कशाला लावतो? दूध कमी करता येत नाही, शाळेची फी चुकत नाही, सासूबाईंचं औषध तर नाहीच नाही. मग बाहेरचं खाणं बंद होतं, नवी साडी पुढच्या सणावर जाते, आणि मुलाने दुकानाच्या काचेत पाहून ठेवलेली आगगाडी ‘पुढच्या वाढदिवसाला हं राजा’ म्हणून लांबणीवर पडते. आपल्या घरातलं हे एवढंसं वाक्य. पण तेच वाक्य एका दिवाळीत लाखो घरांतून बोललं गेलं, तर ती आगगाडी करणाऱ्याचं काय होत असेल? खेळणी करणारे, विकणारे, रंगवणारे यांचीही घरं असतात, त्यांच्याही बायका महिन्याचा हिशोब मांडत असतात. मंदीचा फटका त्यांना कसा बसतो, कोण त्यातून तरतं आणि कोण बुडतं, हे जाणून घेण्यासारखं आहे. कारण या धंद्याची खरी नाडी आपल्याच पर्समध्ये आहे.

मंदी गावात कशी येते

वर्तमानपत्रातली मंदी शेअरबाजाराच्या आकड्यांत येते. शिरूर-दौंडकडे ती तशी येत नाही. माझं सासर शिरूरचं आणि माहेर दौंडचं, त्यामुळे दोन्हीकडची तऱ्हा पाहण्यात आहे. शिरूरला मंदी येते ती रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी कामगारांना ‘बोलावू तेव्हा या’ असं सांगतात. २०१९ साली देशभर मोटारींची विक्री घटली, तेव्हा ‘यंदा बोनसचं काही खरं नाही’ हे वाक्य आमच्या आळीत घरोघरी ऐकू येत होतं. दौंडकडे ऊस जास्त, त्यामुळे तिथे मंदी म्हणजे उसाचं बिल लांबणं, नाहीतर पावसाने दगा देणं. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगताना आमच्या घरातली मोठी माणसं अजूनही गप्प होतात.

गावातल्या खेळण्यांच्या दुकानदाराला हे सगळं बँकेच्या मॅनेजरच्या आधी कळतं. आमच्याकडचे एक दुकानदार काका म्हणाले, “वहिनी, वाईट वर्षात गिऱ्हाईक येत नाही असं नाही. येतं, पण वरच्या फळीकडे बघतच नाही. खालच्या टोपलीत हात घालतं.” वरच्या फळीवर बॅटरीची आगगाडी, रिमोटची मोटार, मोठी बाहुली, खालच्या टोपलीत शिट्ट्या, चेंडू, भोवरे, प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या. त्यांच्या या एका वाक्यात या धंद्याचं अर्धं अर्थशास्त्र आलं. आईबाप मुलाला अगदी रिकाम्या हाताने परत नेत नाहीत. ते खेळणं बदलतात, किंमत उतरवतात. म्हणून मंदीत स्वस्त खेळणं तगतं आणि महागडं अडकून पडतं.

वर्षभर काम, दोन महिने विक्री

खेळण्यांचा धंदा शेतीसारखाच असतो. पेरणी वर्षभर आणि सुगी दोन महिने! आपल्याकडे दिवाळी, जत्रा आणि उन्हाळ्याची सुट्टी. पाश्चात्त्य देशांत नाताळ. कारखानदाराला माल आधी करून ठेवावा लागतो आणि त्यासाठी पैसा उचलावा लागतो. एका नव्या खेळण्याचा लोखंडी साचा करायचा तर त्यालाच मोठी रक्कम पडते, आणि तो खर्च हजारो नग विकले गेले तरच भरून निघतो. सण वाया गेला तर माल गोदामात, कर्ज डोक्यावर आणि व्याज चालू. किराणा दुकानदाराचं एका महिन्याचं नुकसान पुढच्या महिन्यात निघतं. खेळणीवाल्याला मात्र पुढच्या सणापर्यंत वर्षभर थांबावं लागतं. मंदीत हा धंदा इतरांहून लवकर कोलमडतो तो यामुळे.

छोट्या आगगाडीचं तर आणखीच अवघड. हुबेहूब इंजिन, डबे, रूळ, सिग्नल, स्टेशन असं सगळं करायचं म्हणजे बारीक कारागिरी आणि मोठा खर्च. रुळांवरून विजेवर धावणाऱ्या अशा गाड्यांचा धंदा आपल्याकडे फारसा रुजला नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभं केलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय १९९८ साली खुलं झालं, ते मुलांना जरूर दाखवावं. एका मोठ्या खोलीत अख्खं गाव मांडलं आहे आणि त्यातून गाड्या धावतात. दौंड जंक्शनवर पुण्याची, सोलापूरची, मनमाडची गाडी रोज पाहणाऱ्या मुलांनाही त्याचं अप्रूप वाटतं. मग शिरूरच्या मुलांना, जिथे रेल्वेच नाही, किती वाटत असेल! पण या गाड्यांचे मोठे कारखाने जर्मनी, अमेरिका, इंग्लंड या देशांत वाढले, आणि मंदीने त्यांची परीक्षाही तिथेच घेतली. म्हणून जरा तिकडे जाऊन येऊ.

भातुकलीतून निघालेली आगगाडी

जर्मनीतल्या गोपिंगन गावी मेर्कलिन नावाचा एक पत्र्याचं काम करणारा कारागीर होता. १८५९ साली त्याने खेळणी करायला सुरुवात केली. कसली? बाहुलीच्या घरातली स्वयंपाकाची भांडी! म्हणजे आपली भातुकलीच. माल विकायला गावोगाव फिरायची ती त्याची बायको कॅरोलिन. त्या काळी बाईमाणसाने एकटीने फिरून धंदा करणं ही मोठीच गोष्ट होती. १८६६ साली नवरा वारला. पोरं लहान. पण कॅरोलिनने कारखाना मोडू दिला नाही, मुलं हाताशी येईपर्यंत ओढत नेला. पुढे १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिनने रुळांवरची आगगाडी मांडली. कल्पना भातुकलीचीच होती. आधी एक लहान संच घ्या, मग दर वर्षी एखादा डबा, एखादं स्टेशन, एखादा पूल वाढवत न्या. आपण नाही का भातुकलीत आज पोळपाट, उद्या बंब, परवा जातं असं वाढवत!

ज्या कंपनीला एका विधवा बाईने अडचणीच्या काळात जगवलं, ती कंपनी बरोबर दीडशेव्या वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, दिवाळखोरीत गेली. २००८ ची जगभरची मंदी चालू होती, बँकांनी कर्ज पुढे चालू ठेवायला नकार दिला. पण सगळा दोष मंदीचा नव्हता. मुलं संगणकाच्या खेळांकडे वळली होती, गिऱ्हाईक म्हणजे बरेचसे पिकल्या केसांचे हौशी गृहस्थ उरले होते. त्यातच घराण्याच्या हातून कंपनी गुंतवणूकदारांकडे गेली होती आणि सल्लागारांवर अफाट खर्च झाला होता. गाडी आधीच डगमगत होती, मंदीने फक्त धक्का दिला. पुढे खर्च आवरून, साधे आणि मुलांना परवडणारे संच काढून कंपनी सावरली. २०१३ साली दुसऱ्या एका जर्मन खेळणी-कंपनीच्या घराण्याने ती घेतली.

एका डॉलरची गाडी आणि इस्त्रीचं टेबल

त्याआधीची मोठी मंदी १९२९ नंतरची. अमेरिकेत लायोनेल नावाची कंपनी विजेवरच्या आगगाड्या करी. तिच्या मोठ्या संचाची किंमत तिथल्या कामगाराच्या महिन्याच्या पगाराला भिडे. कारखाने बंद, माणसं रांगा लावून फुकटचं सूप पिताहेत, तिथे आगगाडी कोण घेणार? १९३४ साली कंपनी कर्जात इतकी रुतली की कारभार न्यायालयाने नेमलेल्या माणसांच्या हाती गेला. त्याच नाताळात तिने एक छोटी चावीची गाडी काढली. मिकी आणि मिनी उंदीर हातदांडा खालीवर करताहेत आणि गाडी गोल रुळांवर फिरते आहे. किंमत फक्त एक डॉलर. ही गाडी अडीच लाखांच्या आसपास खपली. ‘उंदराने कंपनी वाचवली’ असं लोक कौतुकाने सांगू लागले. खरं पाहता एका डॉलरच्या गाडीत नफा तो कितीसा! त्या काळात निघालेल्या नव्या धाटणीच्या वेगवान गाडीची नक्कलही चांगली खपली, तिचाही वाटा होता. पण आपल्या दुकानदार काकांची खालची टोपली लायोनेलला ऐन वेळी सापडली हे नक्की.

त्याच मंदीत डेन्मार्कमधल्या बिलुंड या खेड्यात ओले किर्क क्रिस्तियानसन नावाचा सुतार होता. शेतकऱ्यांकडे पैसा नाही, त्यामुळे घरबांधणीची कामं बंद. १९३२ साली त्याने घरगुती वस्तू करायला घेतल्या, जसं इस्त्रीचं टेबल, घडीची शिडी. त्याच लाकडातून त्याने खेळणीही करायला सुरुवात केली. त्याच वर्षी त्याची बायको वारली, पदरी चार मुलगे. खेळणी विकायला गेलं की कधी पैशांऐवजी खाण्याच्या जिनसा घेऊन परतावं लागे. मध्येच यो-योची लाट आली. त्याने भरपूर यो-यो केले आणि लाट अचानक ओसरली. पडून राहिलेल्या यो-योंचं काय करायचं? त्याने त्या चकत्यांची खेळण्यातल्या गाड्यांना चाकं केली! उरलेल्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपल्या बायकांना ही युक्ती पटकन कळेल. याच सुताराची कंपनी म्हणजे आजची लेगो. पुढे २००८-०९ च्या मंदीत मेर्कलिन बुडत असताना लेगोची विक्री वाढत होती. एकच संच पुन्हा पुन्हा मोडून नवं काही करता येतं, म्हणून हात आखडलेल्या आईबापांनाही तो खर्च वाया गेलासा वाटत नाही.

पाठोपाठ पडलेली कुलपं

सगळ्यांनाच अशी युक्ती सुचत नाही, आणि सुचली तरी प्रत्येक वेळी वेळ मिळत नाही. इंग्लंडमध्ये हॉर्नबी आगगाड्यांचं मूळ घर म्हणजे लिव्हरपूलचा मेकॅनो कारखाना. नोव्हेंबर १९७९ मध्ये तो बंद झाला आणि शेकडो कामगार घरी बसले. तो बंद करणारी मालक कंपनी एअरफिक्स, ती स्वतःच १९८१ साली बुडाली. १९८२ साली काडेपेटीएवढ्या मॅचबॉक्स मोटारी करणारी लेस्नी गेली, १९८३ साली कॉर्गी मोटारींची मेटॉय गेली. व्याजाचे दर चढलेले, इंग्लंडचं चलन महाग झाल्यामुळे परदेशी गिऱ्हाईक तुटलेलं, वर टीव्हीवरचे नवे खेळ आलेले. ज्यांनी कर्ज काढून माल करून ठेवला होता ते एकामागून एक खाली बसले.

मग कंपन्यांनी स्वस्ताई शोधत काम चीनला नेलं. हॉर्नबीच्या गाड्याही गेल्या शतकाच्या अखेरीला तिकडे होऊ लागल्या. मंदीचा फटकाही मग तिकडेच गेला. ऑक्टोबर २००८ मध्ये चीनच्या डोंगग्वान शहरातला एक मोठा खेळणी कारखाना एकाएकी बंद झाला आणि सुमारे साडेसहा हजार कामगारांच्या पोटावर पाय आला. अमेरिकेतल्या एखाद्या आईने नाताळात ‘यंदा नको’ म्हटलं, आणि हजारो कोसांवर गाव सोडून आलेल्या कामगार मुलीचा पगार थांबला. मैत्रिणींनो, आपल्या ‘पुढच्या वाढदिवसाला’चा आवाज किती लांबवर जातो पाहा.

चितार आळीतला पांगारा

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात लाकडी खेळण्यांचं नाव काढलं की सावंतवाडी. तिथली चितार आळी, तिथली लाकडी आंबे, केळी, सीताफळं, वांगी, पाळणे, भोवरे, बैलगाड्या. आपल्यापैकी कितीजणींच्या रुखवतात ही रंगीत फळांची टोपली मांडलेली असेल! हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची ही कला. लाकूड कातायचं, घासायचं, अस्तर द्यायचं, रंग चढवायचा. रंगकामात घरच्या बायकांचा हात मोठा असतो, म्हणजे हा धंदा म्हणजे अख्ख्या घराचा धंदा.

या धंद्यावर संकटं दोन बाजूंनी आली. एक म्हणजे प्लॅस्टिक आणि चिनी माल. तीच टोपलीभर फळं निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागली. पांगाऱ्याचं लाकूडही पूर्वीसारखं सहज मिळेना. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक बव्हंशी प्रवासी. लोक फिरायला निघाले तर विक्री, नाहीतर दुकानात माशा. मंदीत सहलीला कात्री लागली की सावंतवाडीचं खेळणं आपोआप कापलं जातं. मुंबई-पुण्यातल्या घराने सहल रद्द करताना खेळण्याचा विचारही केलेला नसतो.

असे प्रसंग पूर्वीही येऊन गेले. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफांची आणि लाखकामाची मरत चाललेली कला राजवाड्यातच कारागिरांना जागा देऊन जगवली. कला टिकते ती नुसत्या कौतुकावर नाही. हाताला वर्षभर काम मिळालं, तर ती टिकते.

टाळेबंदीतला उलटा प्रकार

२०२० साली करोनाची टाळेबंदी आली तेव्हा मात्र एक गंमतीदार, आणि दुःखदही, फरक दिसला. युरोपात घरात कोंडलेल्या लोकांनी माळ्यावरच्या आगगाड्या खाली काढल्या, नवे डबे मागवले. मेर्कलिन आणि हॉर्नबी दोघांकडेही मागणी वाढली. कारण तिथे पगार काही अंशी चालू होते आणि वेळ भरपूर होता.

आपल्याकडे जत्रा बंद, बाजार बंद, सहली बंद. जत्रेत फुगे, पिपाण्या, पत्र्याची शिट्टी वाजवणारी होडी विकणाऱ्यांना दोन वर्षं हातावर हात ठेवून बसावं लागलं. सावंतवाडीच्या दुकानांनाही प्रवासी नव्हता. म्हणजे मंदी एकच, पण घरबसल्या माल पोचवू शकणारा तरला, आणि माणसाच्या गर्दीवर पोट असणारा बुडाला.

सरकारनेही या काळात पावलं उचलली. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची जकात फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केली, २०२३ साली ७० टक्के केली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट दिली. २०१८-१९ मध्ये सुमारे ३७ कोटी डॉलरची खेळणी बाहेरून आली होती, ती २०२१-२२ मध्ये सुमारे ११ कोटी डॉलरवर उतरली. देशातल्या कारखान्यांना त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळाली. पण तपासणीचा आणि परवान्याचा खर्च छोट्या कारखानदाराला जड गेला, हेही खरं.

मग आपण काय करावं?

तुम्ही म्हणाल, आमचाच हात आखडलेला, आम्ही कारागिरांना काय वाचवणार? अंथरूण पाहूनच पाय पसरायचे, यात वाद नाही. पण तेवढ्याच पैशांत थोडं शहाणपण करता येतं.

वर्षभरात पाच तकलादू खेळणी घेण्यापेक्षा एक टिकाऊ घ्यावं. त्यातही वाढवत नेता येईल असं, म्हणजे ठोकळे, भातुकली, रुळांचा साधा संच. दर वाढदिवसाला त्यात एक भर घालावी. मुलाला वाट पाहण्याची गोडी लागते आणि खर्च एकदम अंगावर येत नाही.

कारखान्यातलं खेळणं घेताना भारतीय मानक चिन्ह पाहावं. अगदी लहान मुलासाठी असेल तर सुटणारे बारीक भाग नाहीत ना, रंगाचे पोपडे निघत नाहीत ना, हे बोटाने चाचपावं. बॅटरीची गाडी खेळून झाली की बॅटरी काढून ठेवावी; आतले पत्रे गंजून गाडी ‘मेली’ असं समजून आपण टाकून देतो, ते टळतं.

लाकडी खेळणी हवी असतील तर ऐन दिवाळीत किंवा लग्नसराईत धावाधाव करू नये. पावसाळ्यात, जेव्हा कारागिराकडे काम नसतं, तेव्हा रुखवताची फळं किंवा भातुकली मागवावी. महिला मंडळातल्या आठ-दहा जणींनी मिळून मागवली तर त्याला एकगठ्ठा काम मिळतं आणि आपला पाठवणीचा खर्च वाटला जातो. आणि पैसे रोख, वेळेवर द्यावेत. उधारीनेच हा धंदा बुडतो, हे वर पाहिलंच. जत्रेतल्या खेळणीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस तर करूच नये.

आणि ज्या वर्षी काहीच जमण्यासारखं नसेल, त्या वर्षी घरीच करावं. मी शाळेत हस्तव्यवसायाचे तास घेते. रिकाम्या काड्यापेट्यांचे डबे, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, जाड दोऱ्याची जोडणी, इंजिनाला पुठ्ठ्याची नळी. अशी आगगाडी मुलं तासाभरात करतात आणि तिच्याशी महिनाभर खेळतात. बिलुंडच्या त्या सुताराने यो-योची चाकं केली, ती याच वृत्तीने.

दिवस फिरतात. ओव्हरटाइम पुन्हा सुरू होतो, उसाचं बिलही येतं. ते आलं, की मुलाला दिलेला ‘पुढच्या वाढदिवसाला’चा शब्द तेवढा पाळावा. त्या शब्दावर आपलं मूल जसं वाट पाहत असतं, तसंच चितार आळीतलं एखादं घरही वाट पाहत असतं.